आयटीआयच्या जागा दुप्पट करा म्हणे. कुणाच्या पोरांसाठी?

गुण्या:
परवा इथे एकाने लिहिलं, "कामगारांच्या मुलांनी डिग्रीचा नाद सोडावा. सरकारने आयटीआयच्या जागा दुप्पट कराव्यात, दोन वर्षांत पोरं कमावती होतील." खाली नुसत्या टाळ्या. मी फिटर आहे, सरकारी आयटीआयचाच, त्यामुळे आयटीआयला नावं ठेवतोय असं समजू नका. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःच्या मुलासाठी आयटीआयचा फॉर्म भरलाय? १९५३ साली मद्रासमध्ये मुख्यमंत्री राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ बापाचा धंदा, अशी योजना आणली होती. लोकांनी जातीचं शिक्षण म्हणून तिला झोडपलं. पुढच्याच वर्षी कामराज मुख्यमंत्री झाले आणि ती गुंडाळली गेली. तुमचा सूर मला तसाच वाटतो.
आणि जागा वाढवायच्या तर आधी निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारे मास्तर, भरा. तासिकेवरचा माणूस, बंद पडलेला लेथ आणि चालू असलेल्या एकाच मशीनभोवती कोंडाळं करून उभी पोरं, याला प्रशिक्षण म्हणायचं?

रोखठोक:
ते परवाचं मीच लिहिलं होतं. राजाजी कुठून काढलेत? बापाचा धंदा कर असं कोण म्हणतंय? सुताराची मुलगी इलेक्ट्रिशियन झाली तर जात सैल होते, घट्ट नाही. आणि पुढची दारं बंद कुठे आहेत? दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. माझ्या भाच्याने हेच केलं. डिग्री घेऊन अभ्यासिकेत तिशी गाठलेली पोरं बघा जरा.

गुण्या:
भाचा! असा एक भाचा प्रत्येक वादात निघतो. आमच्यातले जे थेट दुसऱ्या वर्षाला गेले ते गणितात आपटले, कारण पहिल्या वर्षाचं गणित त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. दार उघडं आहे हो, उंबरा कमरेएवढा आहे.

स्पिंडल:
माझं लहान वर्कशॉप आहे, दोन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन. आयटीआयचं पोरगं येतं, कानस झकास मारतं, टूल ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाचा फरक, मशीनमध्ये टाक म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघतं. महिनोन् महिने एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, तुकडा घासायला लावतात, कशासाठी? जागा नंतर वाढवा, आधी कानशी भंगारात काढा.

गुण्या:
कानशीवर यायचं नाही! तुकडा घासून, काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरला आणि केसाएवढी फट दिसली, की आमचे सर एक शब्द बोलायचे नाहीत. तुकडा परत व्हाइसमध्ये. माप हाताला कळतं ते तिथे. ऑफसेट तुम्ही आठवड्यात शिकवाल. जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, तापल्यावर माप फिरतं, ते ओळखायला कुठला आठवडा पुरणार?

स्पिंडल:
मला जॉब दहा मायक्रॉनात, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, द्यायचा असतो, साहेब. तो कानशीने निघत नाही. तुमच्या आठवणींसाठी पोरांची वर्षं घालवू नका.

जुना टर्नर:
कानस-बिनस सोडा. जॉब पकडणाऱ्या चकमध्ये तो आवळायची चावी तशीच ठेवून लेथ चालू करणारी पोरं पाहिलीत मी, सर्टिफिकेटवाली. उडाली तर डोक्यात बसेल. आधी ते शिकवा.

गुण्या:
@स्पिंडल, तुम्हाला माणूस तयार हवा, शिकवायचा खर्च दुसऱ्याचा. अ‍ॅप्रेंटिस किती ठेवलेत?

स्पिंडल:
तीस माणसांच्या आतल्या युनिटला सक्ती नाही, तरी ठेवले. शिकले आणि मोठ्या कंपनीत गेले. मी काय धर्मशाळा काढलीय?

गुण्या:
मोठ्या कंपनीत तरी काय सुख आहे? १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याचं कलम १८ वाचा. अ‍ॅप्रेंटिस हा शिकाऊ, कामगार नव्हे. लाइनवर उभं राहायचं कामगारासारखं, हातात स्टायपेंड, वर्ष संपलं की नवी बॅच. "दोन वर्षांत कमावती" म्हणतात ते हेच.

तिसरी पाळी:
तुमची कानस झाली असेल तर बोलू का? मी मशिनिस्ट. घरचे म्हणत होते शिवणकाम घे, नाहीतर पार्लरचा ट्रेड घे. मी अडून बसले. वर्गात मुलगी एकटीच. अ‍ॅप्रेंटिस म्हणून कारखान्यात गेले, तर शॉपफ्लोअरवर बायकांसाठी संडास नाही. ऑफिसच्या इमारतीत जायचं, तेही सुपरवायझरला विचारून. मी कामावर पाणी पिणं सोडलं. मुलींना ३० टक्के जागा आहेत, वाढवा अजून. पण आमच्या तालुक्याच्या आयटीआयला मुलींचं वसतिगृह नाही आणि गावाकडची शेवटची एसटी साडेपाचला सुटते. प्रॅक्टिकल अर्धवट टाकून पळायचं.

रोखठोक:
ताई, वसतिगृहाचं शंभर टक्के मान्य. गुण्यांचं नाही. देशात आयटीआय चौदा-पंधरा हजार, त्यात सरकारी तीन हजारांच्या आसपास. बाकी सगळ्या खासगी. सरकारी जागा वाढल्या नाहीत तर हे पोरगं घरी बसणार नाही, ते कर्ज काढून कुठल्यातरी शटरमधल्या आयटीआयला जाईल. तिथे तुमची कानसही नसेल.

गुण्या:
वा, तुम्ही पण कधीकधी बरोबर बोलता. दुप्पट करा, पण आधी हे: कायम निदेशक, वसतिगृह, डिप्लोमाला जाणाऱ्यांसाठी गणिताचा वर्ग. आणि स्पिंडलशेठ, एवढा कळवळा आहे तर रविवारी मशीन बंदच असतं ना? आमच्या आयटीआयची पोरं पाठवतो ऑफसेट शिकायला.

स्पिंडल:
पाठवा. पण नवशिकं पोरगं टूल जॉबमध्ये घुसवणार म्हणजे घुसवणार. इन्सर्टचे, म्हणजे टूलच्या बदलायच्या पात्यांचे, पैसे आयटीआय देणार का?

गुण्या:
आयटीआयकडे वेल्डिंग रॉडला पैसे नसतात, इन्सर्ट कुठून देणार?

स्पिंडल:
मग आधी ते विचारून या.