शुभंकरांच्या गटात छायाचित्रांची कार्यशाळा कशी घ्यावी?

कृष्णाकाठ:
नमस्कार. कराडजवळच्या एका गावात गेली तीन वर्षे आम्ही शुभंकरांचा, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांचा, आधारगट चालवतो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बारा-चौदा जण जमतात. त्यांत आया आणि पत्नी जास्त, दोन-तीन वडील आणि एक थोरला भाऊ. बोलणे दर वेळी गोळ्या, डॉक्टरांची तारीख आणि पैशांची ओढाताण यांवर येऊन थांबते. 'तुम्ही स्वतः कशा आहात?' असे विचारले की 'आमचं काय, चाललंय' एवढेच उत्तर मिळते.

मागच्या बैठकीत एक काकू औषधांच्या बिलाचा फोटो दाखवायला मोबाईल उघडत होत्या आणि चुकून शेजारचा फोटो लागला. त्यात उंबऱ्यापाशी काढून ठेवलेल्या मुलाच्या चपला होत्या. चपला जागेवर असल्या म्हणजे मुलगा घरात आहे, म्हणून त्या रात्री दोन-तीनदा उठून पाहतात. एका रात्री पाहून आल्यावरही खात्री वाटेना, तेव्हा त्यांनी फोटो काढून मोबाईल उशाशी ठेवला. एरवी दोन वाक्यांपलीकडे न बोलणाऱ्या काकू त्या चपलांबद्दल वीस मिनिटे बोलल्या.

तेव्हापासून चार बैठकांची छायाचित्रांची कार्यशाळा घ्यावी असे मनात आहे. मी समुपदेशक नाही, निवृत्त शिक्षिका आहे. कोणते विषय द्यावेत, फोटोचा अर्थ मी उलगडून सांगावा का, आणि कोणाला रडू आवरले नाही तर काय करावे? शिवाय सभागृह देणाऱ्या मंडळींची इच्छा आहे की १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, या फोटोंचे प्रदर्शन भरवावे. ते योग्य होईल का?

सप्तपर्णी:
मी चिकित्सा मानसशास्त्रात काम करते, म्हणून आधी एक भेद स्पष्ट करते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ज्यूडी वाइझर यांनी १९८२ साली व्हँकूव्हरमध्ये याच कामासाठी केंद्र काढले, आणि त्या हा भेद सातत्याने मांडत आल्या आहेत: प्रशिक्षित उपचारक समुपदेशनाच्या सत्रात फोटोंचा उपयोग करतो ती फोटोथेरपी, आणि माणसे एकटी किंवा गटात, उपचाराचा दावा न करता, स्वतःच्या बऱ्यासाठी फोटो काढतात ते निराळे काम. तुमचे काम या दुसऱ्या प्रकारचे आहे आणि ते कमी मोलाचे मुळीच नाही. मात्र निमंत्रणात 'थेरपी' हा शब्द घालू नका.

फोटोचा अर्थ तुम्ही सांगू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. समजा, एखाद्या काकांनी रिकाम्या खुर्चीचा फोटो आणला आणि आपण 'यात एकटेपणा दिसतो' म्हणालो, तर काका मान डोलावतील आणि गप्प बसतील. कदाचित त्या खुर्चीवर बसून त्यांची पत्नी कितीतरी दिवसांनी शांतपणे जेवली असेल, आणि ते सांगायचे राहूनच जाईल. त्याऐवजी फोटोत काय दिसते आहे, चौकटीच्या बाहेर त्या वेळी काय होते, बटण दाबण्यापूर्वी काय चालले होते, हा फोटो कोणाला दाखवावासा वाटेल आणि कोणाला नाही, असे विचारा. 'का काढला?' हा प्रश्न शक्यतो टाळा. ज्या आईला नातेवाईकांनी वर्षानुवर्षे 'तुझ्याच लाडाने असं झालं' असे ऐकवले आहे, तिला 'का' म्हटले की कोणीतरी पुन्हा जाब विचारते आहे असे वाटते.

कॅमेरा कोणाच्या हातात आहे, यावर इथे फार काही अवलंबून असते. इंग्लंडमधील सरे परगण्याच्या मनोरुग्णालयात डॉ. ह्यू वेल्च डायमंड यांनी १८५० च्या दशकात स्त्री-रुग्णांची छायाचित्रे काढली. स्वतःचे चित्र पाहून रुग्णाला लाभ होतो, असे त्यांनी १८५६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेही. परंतु कॅमेरा डॉक्टरांकडे होता आणि त्या स्त्रिया फक्त समोर बसल्या होत्या. सव्वाशे वर्षांनी, १९८२ मध्ये, जो स्पेन्स या ब्रिटिश छायाचित्रकार स्त्रीला स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा तिने आपल्या आजाराचे आणि शरीराचे फोटो स्वतः काढले आणि पुढे रोझी मार्टिन यांच्या साथीने त्या अनुभवातून कामाची एक पद्धतच उभी केली. तुमच्या काकूंच्या हातात मोबाईल आधीपासून आहे, ही मोठीच जमेची बाजू आहे.

रडू आले म्हणजे काही बिघडले असे मानू नका. कोणी उठून बाहेर गेले तर सोबत जाणारी एक व्यक्ती आधीच ठरवून ठेवा, आणि 'हा फोटो आज नको' म्हणण्याची मुभा प्रत्येकाला पहिल्याच दिवशी द्या. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर ते गटात चर्चेला न घेता त्या व्यक्तीपाशी बसा, तिला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांशी गाठ घालून द्या. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो फळ्यावर लिहून ठेवावा.

पायवाट:
मी ज्येष्ठ नागरिकांच्या गटात अशा बैठका घेतल्या आहेत, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो. फोटो मोबाईलवर न पाहता छापून आणा. साधे चार बाय सहा इंचांचे प्रिंट सतरंजीवर मांडले की माणसे वाकून पाहतात, उचलतात, हातात धरून बोलतात. मोबाईल हातोहात फिरू लागला की कोणीतरी बोट सरकवून भलताच फोटो उघडते आणि विश्वास जातो. फोटोंसाठी व्हॉट्सअ‍ॅपचा गट करू नका.

विषय घरातले आणि साधे द्यावेत. 'दुःख' किंवा 'आशा' असा विषय दिला की सूर्यास्त येतात. 'सकाळचा पहिला अर्धा तास', 'जिथे मी दोन मिनिटे टेकते ती जागा', 'माझ्या हातांचे काम' असे विषय दिले की घर येते. आमच्या एका आजींनी ओट्याच्या कडेवर ठेवलेल्या अर्ध्या कप चहाचा फोटो आणला होता. त्यावर साय धरली होती. तो चहा रोज तिथेच निवतो, एवढे एकच वाक्य त्या बोलल्या, आणि समोरच्या चार जणींनी आपापल्या निवलेल्या चहाच्या गोष्टी सांगितल्या. चेहऱ्यांचे फोटो पहिल्या दोन बैठकांत नकोत. बारा माणसे असतील तर सहा-सहाचे दोन गट करा, नाहीतर शेवटच्या माणसाच्या वाट्याला पाच मिनिटेही येत नाहीत.

उंबरठा:
मी एका शुभार्थीची, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसाची, बहीण आहे. प्रदर्शनाबद्दल मला पोटतिडकीने लिहावेसे वाटते. एका संस्थेच्या कार्यशाळेत मी आमच्या खिडकीच्या गजांना बांधलेल्या ओढणीचा फोटो दिला होता. सुरुवातीलाच सगळ्यांनी एका कागदावर सह्या केल्या होत्या, त्यामुळे तो सभागृहाच्या भिंतीवर लागला आणि तिथून वर्तमानपत्रातही छापून आला. नाव नव्हते, पण गल्लीतल्या प्रत्येकाने खिडकी ओळखली. भावाने आठवडाभर खिडकी बंद ठेवली.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देता येत नाही. पण आमच्या फोटोत भाऊ नव्हताच, फक्त खिडकी होती. म्हणून संमती एकदाच न घेता प्रत्येक फोटोसाठी, तो छापून हातात आल्यावर घ्या, ती मागे घेण्याची मुभा ठेवा, आणि ज्याच्या घरातली वस्तू फोटोत आहे त्या शुभार्थीलाही विचारा.

सप्तपर्णी:
उंबरठा ताई, हे लिहिल्याबद्दल आभार. फोटो कोणासाठी काढायचे, हे आधी ठरवले नाही की असे घडते. १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी खेड्यातल्या स्त्रियांच्या हाती कॅमेरे देऊन जी 'फोटोव्हॉइस' पद्धत विकसित केली, तिथे ते फोटो अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवायचे हे उद्दिष्ट आरंभापासूनच होते. मन मोकळे करण्यासाठी काढलेले फोटो मागाहून त्या कामाला लावणे बरोबर नाही, कारण लोकांना दाखवायचे आहे हे माहीत असते तर माणसाने वेगळाच फोटो काढला असता.

कृष्णाकाठ:
सर्वांची मनापासून आभारी आहे. प्रदर्शन भरवायचे नाही, असे मंडळींना कळवले. ते जरा नाराज झाले, तरी सभागृह मिळणार आहे. सहा-सहाचे दोन गट करून दोन्ही गटांना 'सकाळचा पहिला अर्धा तास' हाच विषय देते. आज काकूंना फोन करून चपलांचा फोटो छापून आणू का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "आणा बाई, पण पाकिटात घालून माझ्याच हातात द्या."