क्लस्टर म्हणजे गट की पुंजका? (महिलांच्या आहाराच्या अभ्यासात)

प्रश्न:
बायकांच्या आहारावर मराठीत लिहितेय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या महिलांना दूध-दही, डाळी, हिरव्या पालेभाज्या, फळं, अंडी, मासे, चिकन-मटण किती वेळा खाता असं विचारतात, उत्तरं रोज, आठवड्यातून, कधीमधी, कधीच नाही अशी. त्यावर क्लस्टर अ‍ॅनालिसिस (सारखी उत्तरं एकत्र करण्याची संख्याशास्त्रीय पद्धत) केलं की साधारण सारखं खाणाऱ्या जणी एकत्र येतात. त्यांना 'गट' म्हणू का? आणि डायटरी पॅटर्नला, म्हणजे कोण काय किती वेळा खातं त्याच्या एकंदर साच्याला, काय म्हणायचं, 'आहारपद्धती' लिहिलं तर लोकांना कीटो डाएट वगैरे वाटतंय.

प्रतिसाद:
'गट' टाळाच. एकतर तुमच्या लेखात अन्नगट येणारच, महिलांची किमान आहारविविधता मोजताना दहा अन्नगट धरतात आणि आदल्या दिवसभरात त्यातले निदान पाच खाल्लेले असावे लागतात, मग 'पाच गट खाणाऱ्या महिलांचा गट' असलं काहीतरी लिहून बसाल. त्यात 'महिला गट' म्हटलं की आपल्याकडे बचत गटच आठवतो.

पण खरी अडचण अर्थाची आहे. वयोगट, रक्तगट, उत्पन्न गट, या सगळ्यात चौकट आधी आखलेली असते आणि माणसं नंतर त्यात बसवतात. क्लस्टरिंगमध्ये अशी चौकट नसते, कोणाची उत्तरं कोणाच्या जवळ जातात एवढंच बघून बायका एकत्र येतात. आणि त्यासाठी के-मीन्स ही पद्धत वापरली असेल तर किती क्लस्टर हवेत तो आकडा आपणच आधी द्यायचा असतो, चार सांगितले तर चार पडतात, सहा सांगितले तर सहा. म्हणजे देशात बायकांचे असे चार प्रकार आहेत असं कोणी शोधून काढलं असा अर्थ वाचणाऱ्याने घेता कामा नये. म्हणून मी 'पुंजका' म्हणते, त्यात कडा पुसट असतात हेही आपोआप येतं.

दुसरं, याच सर्वेक्षणात क्लस्टर हा शब्द आधीच वेगळ्या कामाला लागलाय. कोणाला प्रश्न विचारायचे तो नमुना निवडताना खेड्यात गाव आणि शहरात जनगणनेचा ब्लॉक म्हणजे क्लस्टर. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, पण मराठीत गोंधळ टाळता येतो: निवडीसाठी 'नमुना-वस्ती', विश्लेषणासाठी 'पुंजका'.

प्रतिसाद:
पुंजका आवडला. फक्त लेटंट क्लास अ‍ॅनालिसिस ही दुसरी पद्धत वापरली असेल तर तिथे 'वर्ग' ठेवा, त्यात प्रत्येक बाई कुठल्या वर्गात असण्याची शक्यता किती ते काढतात. रोज, आठवड्यातून अशा उत्तरांना तीच पद्धत जास्त बरी बसते, कारण 'रोज' आणि 'आठवड्यातून' यांतलं अंतर आणि 'कधीमधी' आणि 'कधीच नाही' यांतलं अंतर सारखं धरावं लागत नाही.

आहारपद्धती बिनधास्त वापरा, क्रॉपिंग पॅटर्नला आपण पीकपद्धती म्हणतोच. 'पॅटर्न' ठेवलं तर लातूर पॅटर्नसारखं, इतरांनी उचलावं असं काहीतरी, असा वास येतो.

प्रतिसाद:
पुंजक्यांना नावं काय देणार ते सांगा, मला सगळ्यात काळजी त्याची आहे. समजा एकीचं डाळ रोज, पालेभाजी आठवड्यातून, दूध, अंडी, मासे, मटण सगळं कधीच नाही. दुसरीचंही अगदी हेच. पहिलीच्या घरात मांसाहार वर्ज्य आहे, दुसरीला तो परवडत नाही किंवा घरात शिजलं तरी तिच्या ताटापर्यंत येत नाही. कॉम्प्युटर दोघींना एकत्रच टाकणार, कारण त्याला फक्त उत्तरं दिसतात, आणि आपण वर 'शाकाहारी पुंजका' अशी पाटी लावली की दुसरीची सगळी ओढाताण त्या एका शब्दाखाली गेली. शाकाहारी म्हणजे नियमाने न खाणारी, नुसती न खाणारी नव्हे. २०१९-२१ च्या फेरीत या वयातल्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय सापडलाय, तेव्हा हा फरक गिळून चालणार नाही. नाव खाण्यावरूनच द्या, 'डाळ रोज, दूध-अंडी-मांस कधीच नाही', लांबलं तरी लांबू दे.

आणि 'भरपूर डाळ खाणाऱ्या' असं कुठे लिहू नका. रोज म्हणजे वाटीभर की भातावर दोन चमचे पातळ वरण, ते या प्रश्नातून कळत नाही. तरी किती वेळा खाल्लं हे विचारणं फुकट नाही हां, पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासात पालेभाज्या, फळं जास्त वेळा खाणाऱ्यांची बाळं जन्मतः जरा मोठी होती असं दिसलंय. फक्त 'वारंवार' लिहा, 'भरपूर' नको.

प्रश्नकर्ती:
मग वाक्य असं करते: 'उत्तरांच्या सारखेपणावरून महिलांचे चार पुंजके पाडले, त्यातल्या एकीत डाळ रोज, पण दूध, अंडी, मांस कधीच नाही.'

प्रतिसाद:
'एकात' करा, पुंजका पुल्लिंगी. आणि 'पाडले' तसंच राहू द्या, 'आढळले' करू नका, चार हा आकडा आपणच दिलेला आहे.