चीत्कार फक्त हत्तीनेच करायचा का?

शब्दवेडा:
काल एका कथेत वाचलं, 'तिच्या तोंडून चित्कार बाहेर पडला.' डोळ्यांसमोर बाई येईना, सोंडच आली! वाघाची डरकाळी, मोराचा केकारव, हत्तीचा चीत्कार हे लहानपणीच पाठ झालेलं. माणसाला किंकाळी आहे, टाहो आहे. मग हत्तीचा शब्द उसना कशाला? हिंदीत माणसं सर्रास चीत्कार करतात, तिथूनच हे आलं असणार.

तिरकस:
तक्ता पाठ करून भाषा येत नाही. 'चीत्' असा आवाज करणं तो चीत्कार. फूत्कार, सीत्कार, हुंकार याच घडणीचे. आणि त्या 'ई'कडे बघा. ई म्हणताना जीभ टाळूजवळ जाते, पुढची पोकळी लहान होते, आवाज बारीक निघतो. किंचाळणं, चिरकणं, शीळ, शिट्टी, पिपाणी... यात हत्ती कुठे आला?

शब्दवेडा:
टाहोत कुठे आहे ई? कर्कशात? सोयीचे शब्द वेचू नका. घडण काही असो, शब्द रूढीने बांधला जातो.

जुनं पान:
रूढीच काढली म्हणून सांगतो. हितोपदेशात वाघाचं कातडं पांघरून शेतात चरणारं गाढव आहे ना, त्याला राखणदार कशावरून ओळखतो? 'चीत्कारशब्दात्'! हत्तीच्या गर्जनेला अमरकोशात वेगळाच शब्द आहे: 'बृंहितं करिगर्जितम्'.

गजकर्ण:
थांबा, हत्तीचीही बाजू आहे. भवभूतीच्या मालतीमाधवाची नांदी. शंकराचं तांडव चाललंय, नंदी मृदंग वाजवतोय, त्या आवाजाने कार्तिकेयाचा मोर येतो. त्याला भिऊन शंकराच्या अंगावरचा नाग थेट गणपतीच्या सोंडेत शिरतो. गणपती डोकं झटकतो, आणि त्या झटक्यांना विशेषण काय, तर 'चीत्कारवत्यः'. ८व्या शतकातला कवी आहे. तेव्हा हे नातं तक्त्यांनी जोडलेलं नाही.

शब्दवेडा:
वा! मिटलं.

जुनं पान:
मिटलं कसं? अहो, नाकात साप गेलाय त्याच्या! तो गर्जत नाहीये, कळवळतोय. म्हणून तिथे बृंहित नाही, चीत्कार आहे. गाढवाचंही तेच, आवाज चिरका म्हणून तो शब्द. एरवी हत्ती २० हर्ट्झच्याही खाली, आपल्या कानांना लागणार नाही इतक्या खर्जात एकमेकांशी बोलतात. त्याला कोणी चीत्कार म्हणेल का? शब्द प्राण्याचा नाही, पट्टीचा आहे.

शब्दवेडा:
सापापुरतं मान्य. पण कथेतली बाई पाल बघून ओरडली होती. तिथे 'किंचाळली' पुरे होतं. संस्कृतात गाढव चीत्कारलं म्हणून माझ्या मराठी कानाला ते गोड लागत नाही.

तिरकस:
गोड लागायला ती काय तान घेत होती? बाकी त्या लेखकाने 'चित्कार' ऱ्हस्व छापलाय, त्यावर कोणीच बोललं नाही. तत्सम शब्द आहे, ची दीर्घच हवी.

शब्दवेडा:
हे मात्र शंभर टक्के!