हत्तींसाठी स्वयंसेवा आणि करेन गावातला मुक्काम (उत्तर थायलंड) : सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ

नमस्कार. सांगलीजवळच्या एका गावात तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून मी यंदा सेवानिवृत्त झाले. येत्या हिवाळ्यात महिनाभर चियांग माय प्रांतातल्या डोंगराळ भागात, करेन समाजाच्या एखाद्या गावात राहून तिथल्या हत्तींसाठी काम करावे, असे मनात आहे. हाती आलेल्या माहितीपत्रकांत हत्तींना अंघोळ घालणारी आणि सोंडेला बिलगलेली माणसेच दिसतात. रोजचे काम काय असते, ते मात्र कळत नाही. कार्यक्रम कसा पारखावा आणि पूर्ण शाकाहारी माणसाच्या जेवणाचे तिथे कसे होते, हे अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. गावातल्या मुलांना इंग्रजी शिकवण्याचीही सोय असते असे वाचले. ते काम घ्यावे का?

रानवाट

मे चेम भागातल्या एका करेन गावात मी चार आठवडे राहिलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

थायलंडमधले पाळीव हत्ती पूर्वी जंगलातले ओंडके ओढत असत. 1988 च्या भीषण पुरानंतर सरकारने 1989 मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातली आणि हत्तींचे व माहुतांचे काम एकाएकी गेले. पोट भरण्यासाठी पर्यटनाखेरीज दुसरा मार्ग फारसा उरला नाही, त्यामुळे अनेक करेन कुटुंबांचे हत्ती शहराजवळच्या छावण्यांत गेले. 2020 मध्ये टाळेबंदीने त्या छावण्या ओस पडल्या, तेव्हा शंभराहून अधिक हत्ती माहुतांबरोबर डोंगरवाटा तुडवत गावाकडे परतले, आणि त्यांतले काही तर दीडशे किलोमीटरपर्यंत चालले. हत्ती गावातच राहावा असे मालकाला कितीही वाटले, तरी छावणीचे उत्पन्न बुडते ते कुठून तरी भरून निघावे लागते. म्हणून कार्यक्रम पारखताना पहिला प्रश्न पैशांचाच विचारावा: हत्ती कोणाच्या मालकीचे आहेत, मालकाला दरमहा ठरलेली रक्कम मिळते का, माहुताला वेगळा पगार आहे का, आणि आपण ज्या घरात राहणार त्या घराला किती मिळते? ज्यांनी मला या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत दिली, त्यांच्याकडेच मी गेलो.

आता कामाविषयी. सकाळी माहूत अंगणात उभा राहून कान देतो. हत्तिणीच्या गळ्यातल्या लाकडी घंटेचा ठक्‌ठक् आवाज कोणत्या ओढ्याकडून येतो ते ओळखून तो चालू लागतो आणि आपण त्याच्या मागे जातो. मग तीन-चार तास ती चरते, आपण अंतर राखून बसतो आणि ती काय खाते, कोणाजवळ उभी राहते, याची वहीत नोंद करतो. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, म्हणजे जागेपणीचा बहुतेक वेळ त्याचे तोंड चालूच असते. एक म्हातारी हत्तीण बांबू पायाखाली दाबून सोंडेने उभा चिरायची आणि आतला कोवळा भाग तेवढाच घ्यायची. तो आवाज आजही माझ्या कानात आहे. चार आठवड्यांत मी एकाही हत्तीला हात लावला नाही आणि त्याची खंतही वाटली नाही. दुपारी चारा कापणे, झाडे लावणे किंवा वाट दुरुस्त करणे, अशी कामे असतात. जिथे अंघोळ घालण्याचे दिवसातून चार वेळचे वेळापत्रक आहे, तिथे ती अंघोळ हत्तीसाठी नसते, हे माझे स्पष्ट मत आहे.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. भाताच्या आणि मक्याच्या शेतांत शिरू नयेत म्हणून रात्री हत्तींना जंगलात लांब साखळीने बांधतात. मला पहिल्या रात्री ते फार लागले. पण हत्तीने एका रात्रीत उभे पीक फस्त केले तर ते घर वर्षभर काय खाईल, हे शेजारच्या शेतकऱ्याने समोर बसवून समजावले. साखळी किती लांब आहे आणि जागा रोज बदलतात का, एवढे अवश्य विचारा.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम, मात्र रात्री चांगलीच थंडी पडते. फेब्रुवारीअखेरपासून शेते आणि रान जाळल्याचा धूर दरीत कोंडतो, तेव्हा जाऊ नका.

पानसुपारी

जेवणाविषयी लिहिते, कारण मीही शाकाहारी आहे. केवळ ‘मांस नको’ म्हटल्याने भागत नाही. नाम प्ला म्हणजे माशाचे पाणी तिथे आपल्या मिठासारखे वापरतात. ‘जे’ हा शब्द पाठ करून ठेवा, त्यातून मासे, अंडी, दूध सगळेच वगळले जाते. घरच्या माणसांना हे आधी कळवले होते, तर मला रोज भात, भोपळ्याचे कोवळे शेंडे आणि डोंगरी मिरचीचा ठेचा मिळाला. सोबत मेतकूट न्या. घरे लाकडी खांबांवर असतात आणि शिडीखाली चपला काढाव्या लागतात, हे तुम्हाला परके वाटणार नाही.

गुरेढोरे

मी पशुवैद्यक आहे. क्षयरोग माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसाला होऊ शकतो, म्हणून जुना खोकला असल्यास आधी तपासणी करून घ्या. व्हिसाबाबत कार्यक्रमाकडून लेखी उत्तर मागा, कारण विनामोबदला कामही तिथे काम धरले जाऊ शकते. शिवाय जाण्याआधी गडचिरोलीतल्या कमलापूरला वन विभागाचा हत्ती कॅम्प पाहून या. जानेवारीत तिथल्या हत्तींना सुट्टी देऊन पायांना वनौषधींचा लेप शेकतात, त्याला ‘चोपिंग’ म्हणतात. त्या दिवसांत कॅम्प बंद असतो, तेव्हा आधी चौकशी करा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शाळेचा प्रश्न तेवढा राहिला.

रानवाट

क्षमस्व, तो राहूनच गेला. मी पहिल्या दिवशी मुलांना रंगांची नावे शिकवायला घेतली, तर सगळा वर्ग एका सुरात म्हणू लागला, कारण आधीच्या प्रत्येक स्वयंसेवकाने तेच शिकवले होते. तिथल्या शिक्षिकेला भेटून तिचा चालू धडा विचारा आणि तिच्या हाताखाली तोच पुढे न्या. तुमच्या तीस वर्षांचा उपयोग मुलांपेक्षाही तिला अधिक होईल. निघण्याआधी ‘तब्लू’ हा करेन शब्द शिकून घ्या. त्याचा अर्थ धन्यवाद. थायी ‘खोप खुन’ म्हटल्यावर मान हलवणाऱ्या आज्या या शब्दाला मात्र हसून उत्तर देतात.