मदत हवी आहे: पोलंडहून येणारं हे रेफरल ट्रॅफिक खोटं आहे ना?

नमस्कार मंडळी. देवगडच्या एका बागायतदारांची हापूस विकायची साइट मी सांभाळतो. गुगल अॅनालिटिक्स ४ मध्ये (साइटवर कोण, कुठून येतं ते मोजणारं गुगलचं साधन) अचानक एका अनोळखी डॉट स्टोअर डोमेनवरून ढीगभर रेफरल (दुसऱ्या साइटवरच्या लिंकवरून आलेल्या भेटी) दिसायला लागलेत. सगळे पोलंडचे, एंगेजमेंट टाइम (साइट प्रत्यक्ष बघण्यात गेलेला वेळ) शून्य सेकंद. ऐन पावसाळ्यात पोलंडला आंबे कोणाला हवेत? सर्व्हरच्या अॅक्सेस लॉगमध्ये (साइटवर आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंदवही) मात्र त्या वेळची एकही नोंद नाही. म्हणजे साइटवर कोणी आलंच नाही, आमचा मेजरमेंट आयडी (अॅनालिटिक्समधला आमच्या साइटचा ओळख क्रमांक) वापरून परस्पर गुगलकडे हिट (भेटींच्या नोंदी) पाठवले जातायत, असा माझा अंदाज. (ते डोमेन उघडून पाहू नका, त्यांना तेच हवं असतं.)

‘अनवॉन्टेड रेफरल्स’मध्ये (रेफरल म्हणून धरायची नाहीत अशा डोमेनांची यादी) डोमेन टाकलं, तर तेच ट्रॅफिक डायरेक्टमध्ये (कुठल्याही लिंकशिवाय थेट आलेले) जाऊन बसलं. हे तर आणखी वाईट, आधी निदान ओळखू तरी येत होतं! जुन्या युनिव्हर्सलमध्ये (अॅनालिटिक्सची आधीची आवृत्ती) होस्टनेमचा (भेट ज्या साइटवर झाली तिचं नाव) फिल्टर लावता यायचा. इथे एक्सप्लोरेशनमध्ये (स्वतः जुळवायचा रिपोर्ट) होस्टनेम लावून पाहिलं, पण काही हिटांवर आमचंच होस्टनेम आहे.

नवीन डेटा स्ट्रीम (साइटचा डेटा अॅनालिटिक्समध्ये येण्याची जोडणी) काढून आयडी बदलला तर थांबेल का? की सर्व्हर-साइड टॅगिंगच (डेटा आधी आपल्या सर्व्हरवरून गाळून मग गुगलला पाठवणं) करावं लागेल? मालक रोज विचारतात, ‘एवढी माणसं येतात, मग ऑर्डरी कुठायत?’