लोबुश ब्लूबेरीची पानं पिवळी पडताहेत, मदत हवी आहे

निळाई: उतारावरचं गवत काढून लोबुश ब्लूबेरी (बुटकी, जमिनीलगत पसरणारी जात) लावली. जमीन झाकली जाईल, आम्हालाही खायला नि पक्ष्यांनाही. पण कोवळी पानं पिवळी पडताहेत, शिरा तेवढ्या हिरव्या. खत घातलंय, पाणीही देते. लवकर सांगा, रोपं हातची जातील.

बागवेडा: राहता कुठे? मातीचा पीएच?

निळाई: मॅसॅच्युसेट्स. ६.८.

बागवेडा: मग तेच. पीएचचा आकडा जितका कमी, तितकी माती आम्ल; ब्लूबेरीला ४ ते ५ लागतो. ६.८ला मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. गंधक घाला, पण थोडं थोडं. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्याला महिने लागतात.

सदाहरित: एवढं कशाला? कॉफीचा चोथा टाका. माझी झाडं लगडली आहेत.

बागवेडा: आम्ल बहुतेक कपात उतरतं, चोथ्यात फारसं राहत नाही. तुमची माती मुळात आम्ल असणार.

सदाहरित: मी फळं खातोय, तुम्ही आकडे सांगताय.

मेनकरीण: भांडण नंतर. न्यू इंग्लंडची (मॅसॅच्युसेट्स, मेन वगैरे ईशान्य अमेरिकेतल्या राज्यांची) माती आम्लच असते, मग ६.८ आला कुठून? तिथे लॉन होतं ना? चुना टाकायचे का?

निळाई: हो, लॉनवाले दर वर्षी टाकायचे. त्याचा संबंध आहे?

मेनकरीण: आहे तर! चुन्याने मातीतलं आम्ल कमी होतं, पीएच चढतो. आणि खत कोणतं? नायट्रेटवालं नको, अमोनियम सल्फेट बेताने द्या. रोपं सगळी एकाच वाणाची आहेत का? दोन वेगळे वाण जवळ हवेत, नाहीतर फळ नीट धरत नाही. मे महिन्यात बघा, बंबलबी (मोठी केसाळ माशी, मधमाशीची नातलग) फुलाला लटकून अंग थरथरवते तेव्हा पराग सांडतो. म्हणून कीटकनाशकाची फवारणी अजिबात नको. इथे मेनमध्ये शेतकरी एक वर्षाआड झुडपं जमिनीलगत कापतात किंवा जाळतात. जमिनीखालच्या खोडांतून नवे फुटवे येतात, फळ पुढच्या वर्षी.

रानमेवा: महाबळेश्वरला येईल का? नाहीतर सरळ करवंदं लावा, पक्षी तीही खातात.

बागवेडा: लोबुशला लांबलचक कडक थंडी लागते, महाबळेश्वरला जमणार नाही. आणि करवंद बॉस्टनच्या बर्फात जगणार नाही. प्रश्न पानांचा आहे.

सदाहरित: चोथ्याने निदान माती भुसभुशीत होते, हे तरी मान्य करा.

निळाई: गंधक आणते. रोपं सगळी एकाच वाणाची आहेत, दुसरा वाण बघते. पण वरच्या अंगाला शेजाऱ्यांचं लॉन आहे, तिथे अजून चुना पडतो. पावसात वाहून खाली येईल?

मेनकरीण: मध्ये अंतर किती आहे?