मदत हवी आहे: ठाणे ते बीकेसी, पंखांसकट

कॉमिक कॉनसाठी (कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांचा मेळा, तिथे आवडत्या पात्रांसारखं सजून जातात) आम्ही चौघी मैत्रिणी रविवारी ठाण्याहून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) जाणार आहोत. बाकीचे पोशाख बॅगेत मावतात, मेकअपही तिथेच करू. अडचण माझ्या पोशाखाच्या पंखांची आहे. ईव्हीए फोम, आत पीव्हीसी पाइप, प्रत्येकी साडेचार फूट, घडी होत नाही. कॅबमध्ये घालून पाहिले, मग दोघींपुरतीच जागा उरते. दोन कॅब परवडत नाहीत. टपावर बांधायचे नाहीत, उन्हाने फोमचे जोड सुटतात आणि इतकी मेहनत वाया घालवायची माझी अजिबात तयारी नाही. म्हणून लोकलने कुर्ला, पुढे रिक्षा. मेगाब्लॉकची गर्दी टाळायला नऊच्या आत निघू.

लेडीज डब्यात पंख उभे धरून नेता येतील, की लगेज डबाच बरा? आणि तिथे सेकंड क्लासचं साधं तिकीट चालतं, की सामानाचं वेगळं काढावं लागतं?